इब्न बतूता, माझी वही आणि सहाशे मुली

गेल्या रमजानपासून माझ्या टेबलावर एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘मोरोक्को. फेस ते मराकेश, नऊ दिवस.’ त्याखाली खर्चाचे आकडे, भिशीची तारीख, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि गरम कपड्यांची यादी. वाळवंटात गरम कपडे कशाला, असं मुलीनं विचारलं. नोव्हेंबरमध्ये मेरझुगाच्या वाळूत दिवसा ऊन असतं आणि रात्री हुडहुडी भरते, आणि त्याआधी ॲटलस पर्वत ओलांडायचा आहे, असं मी तिला सांगितलं. ॲटलसचं सर्वांत उंच शिखर तुबकाल ४,१६७ मीटर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. फेसहून वाळवंटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची तिझी न’तलघमत ही नुसती खिंडच कळसूबाईपेक्षा उंच आहे.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. “उमरा सोडून मोरोक्को? तिथं काय आहे?” माझं उत्तरही ठरलेलं होतं. तिथला एक माणूस सातशे वर्षांपूर्वी आमच्या दारात येऊन गेला, आता मी त्याच्या दारात चालले आहे.

हा माणूस म्हणजे इब्न बतूता. जन्म १३०४, गाव तांजा, ज्याला इंग्रजीत टँजियर म्हणतात. एकविसाव्या वर्षी, १३२५ मध्ये, तो हजला म्हणून घरातून निघाला आणि परतला तेव्हा जवळजवळ पंचवीस वर्षं उलटली होती. मधल्या काळात तो दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काजी होता. १३४२ मध्ये सुलतानानं त्याला चीनला वकील म्हणून पाठवलं, त्या प्रवासात तो दौलताबादला आला. आमच्या शहरापासून अर्ध्या तासावरचा हा किल्ला. तिथल्या तळघरातल्या कैदखान्यात मांजरांहून मोठे उंदीर आहेत, हे त्यानं तिथं राहून सुटलेल्या एका सरदाराकडून ऐकून लिहून ठेवलं. इथली द्राक्षं आणि डाळिंबं त्याला आवडली. जवाहिरांचे व्यापारी, गाणाऱ्यांचा वेगळा बाजार, मराठी बायकांचं देखणेपण, सगळं त्यानं नोंदवलं. पुढे नंदुरबारला त्याला मराठी कारागीर आणि वैद्य भेटले. ते भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, एवढं बारीक त्यानं पाहिलं.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दरवर्षी मुलांना दौलताबादला नेते आणि अंधारीच्या तोंडाशी उभी राहून इब्न बतूताची गोष्ट सांगते. मुलांचे चेहरे फुलतात. एक मुसाफिर, हातात नकाशा नाही, विमान नाही, तरी मोरोक्कोपासून चीनपर्यंत. उंदरांची गोष्ट तर ती घरी जाऊन पुन्हा सांगतात. मी बी.एड. करत होते तेव्हा अब्बांच्या कपाटातल्या त्याच्या सफरनाम्याच्या जुन्या उर्दू भाषांतरातून ही गोष्ट मी उचलली, आणि वीस वर्षं तशीच सांगत आले.

सहलीची वही सुरू केल्यावर मात्र तो सफरनामा मी वेगळ्या कारणासाठी उघडला. मला तयारी शिकायची होती. वाळवंट आणि डोंगर एकाच प्रवासात करायचे तर त्यानं काय केलं होतं? त्याच्या शेवटच्या मोठ्या सफरीत, १३५१ ते १३५४ या काळात, तो फेसहून निघाला, सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला आणि परत आला. फेस, झिझ नदीचं खोरं, सिजिल्मासा : माझ्या नऊ दिवसांपैकी पहिले चार जवळपास याच वाटेवर आहेत.

सिजिल्मासा हे आठव्या शतकात वसलेलं वाळवंटाच्या काठावरचं शहर. आज रिसानी गावाजवळ त्याच्या मातीच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. दक्षिणेकडून सोनं यायचं, उत्तरेकडून कापड जायचं, आणि मधल्या वाळवंटातून मीठ. इथं इब्न बतूता अल-बुश्री नावाच्या एका फकीहाकडे उतरला. याच माणसाचा सख्खा भाऊ त्याला पूर्वी चीनमध्ये भेटला होता. एक भाऊ चीनला, दुसरा सहाराच्या तोंडाशी. दोघांमधलं अंतर आठवून तो स्वतःच थक्क झाला.

इथं त्यानं उंट घेतले आणि त्यांना चार महिने चारा घातला. चार महिने! मी चार महिने आधी तिकीट काढलं तर घरचे म्हणतात, एवढी घाई कशाला. पण उंट वाळवंटात अंगावरच्या चरबीवर चालतो, ती आधी चढवावी लागते. काफिला निघाला तो १ मुहर्रम ७५३ ला. ही तारीख वाचून मला वाटलं, हिजरी नववर्षाचा मुहूर्त पाहिला असेल. मग हिशेब केला, तर तो दिवस १३५२ च्या फेब्रुवारीत येतो. चार महिन्यांत उंट तयार झाले आणि उन्हाळा यायला अजून अवकाश होता. आपल्या इबादतीचे महिने चंद्रावर चालतात, पण उंट, पीक आणि पाणी सूर्यावर चालतं. मोरोक्कोतले शेतकरी म्हणूनच शेतीसाठी आजही जुनं सौर पंचांग धरतात. त्याचं नवं वर्ष ‘यन्नायर’ जानेवारीच्या मध्यावर येतं, आणि २०२४ पासून त्या दिवशी तिथं सरकारी सुट्टी असते. मी वहीत लिहिलं : मे महिन्याची सुट्टी नको, दिवाळीची घ्यायची. डिसेंबरही नको, खिंडीत बर्फ पडतो.

पंचवीस दिवसांनी काफिला तगाझाला पोचला. आज ही जागा उत्तर मालीत येते. घरं मिठाच्या लाद्यांची, मशीद मिठाची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. झाड एकही नाही, पाणी मचूळ, माश्या अमाप. मुलांना सांगायला यासारखी गोष्ट नाही, आणि मी ती सांगतही आले. मिठाची मशीद म्हटलं की वर्ग गप्प होतो.

तगाझानंतर दहा दिवस पाण्याची खात्री नसलेला टापू. सुरुवातीला इब्न बतूता आणि त्याचे सोबती काफिल्याच्या पुढे जाऊन जनावरं चारायचे. मग काफिल्यातल्या एका माणसाचं आपल्या मामेभावाशी भांडण झालं, तो रागानं मागे राहिला आणि पुन्हा दिसला नाही. वाटेत दुसऱ्या काफिल्यातला एक हरवलेला माणूस सापडला : एका खुरट्या झुडपाखाली मरून पडलेला, अंगावर कपडे, हातात चाबूक. पाणी तिथून मैलभरावर होतं. त्यानंतर इब्न बतूता ना पुढे गेला, ना मागे राहिला. हे मी मुलीला वाचून दाखवलं. ट्रेकला जाताना ती नेहमी पुढे पळते.

सगळ्यांत महत्त्वाचा माणूस यापुढे येतो. त्याला ‘तक्शीफ’ म्हणत. काफिला एका पाणवठ्यावर तीन दिवस थांबायचा, पखाली शिवायच्या, भरायच्या, वाऱ्यानं पाणी उडू नये म्हणून त्यांना वरून गोणपाट शिवायचं. तिथून तक्शीफ एकटा पुढे वलाताला जायचा. काफिल्यातले लोक त्याच्याजवळ तिथल्या ओळखीच्यांना चिठ्ठ्या द्यायचे : आमच्यासाठी घर भाड्यानं बघा आणि चार रात्रींच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे या. तक्शीफ वाटेत मेला तर वलाताला कळायचंच नाही, आणि मागचा काफिला तहानेनं मरायचा. इब्न बतूताच्या काफिल्याचा तक्शीफ मसूफा जमातीचा होता. त्याचा एक डोळा गेलेला, दुसरा अधू, तरी वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. मजुरी शंभर मिस्काल सोनं, म्हणजे सुमारे सव्वाचारशे ग्रॅम. सातव्या रात्री सामोऱ्या आलेल्यांच्या शेकोट्या दिसल्या आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आपण हॉटेलचं बुकिंग करून फोन खिशात टाकतो, तेच काम हा माणूस जीव पणाला लावून करत होता. इब्न बतूतानं त्याची मजुरी लिहिली, डोळे लिहिले. नाव लिहिलं नाही.

वलाताला तो काजीला भेटायला गेला, तर काजीजवळ एक तरुण बाई बसलेली. हा दारातच अडखळला. ती हसली, उठली नाही. काजी म्हणाला, ही माझी मैत्रीण आहे. स्वतः फकीह आणि हाजी असलेल्या माणसानं असं म्हणावं, याचा इब्न बतूताला संताप आला. तिथल्या बायका नमाजी होत्या पण पडदा करत नव्हत्या, आणि वारसा मुलाला न जाता भाच्याला जात होता. नमाज आणि फिकह सांभाळणारे हे मुसलमान त्याला कळेचनात. मला मात्र त्या बाईचं हसू आवडलं. एवढ्या मोठ्या प्रवाशाला बघून न दचकणाऱ्या बाया त्याच्या पुस्तकात थोड्या आहेत.

आतापर्यंतचं सगळं वहीच्या कामाचं होतं. मग परतीची पानं आली. ती मी पूर्वी वाचली होती, पण सांगितली कधीच नव्हती.

परतताना तो आजच्या नायजरमधल्या तकद्दा गावी थांबला. तिथं त्याला एक शिकलेली गुलाम मुलगी विकत घ्यायची होती. ती त्याला पंचवीस मिस्कालला मिळाली. विकणाऱ्याला पश्चात्ताप झाला, त्यानं सौदा मोडायची विनंती केली. इब्न बतूता म्हणाला, तिच्या बदल्यात दुसरी दाखव. दुसरी मिळाली, ती पहिलीहून चांगली निघाली, आणि तिच्याही मालकाला ती दिल्यावर राहवेना. शेवटी तोही सौदा मोडला. त्याच गावात त्यानं स्वारीसाठी दोन उंट घेतले, ३७ मिस्काल आणि वर एक तृतीयांश देऊन, आणि सत्तर रात्रींची शिदोरी बांधली. सप्टेंबर १३५३ मध्ये काफिला निघाला. त्या काफिल्यात, तो लिहितो, सुमारे सहाशे गुलाम मुली-बाया होत्या.

बस्, एवढंच. एक ओळ. त्यांच्याबद्दल पुढे तो काही सांगत नाही. शिदोरीचा हिशेब आहे, उंटांचा आहे, अगदी मिस्कालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. त्या सत्तर रात्री या सहाशे जणी कशा चालल्या, याचा नाही.

मग मी मागे गेले आणि तगाझा पुन्हा वाचलं. मिठाच्या त्या गावात राहत कोण होतं? मसूफांचे गुलाम. मीठ खणणारे तेच. दुसरं कुणी तिथं राहायला तयार नव्हतं. सिजिल्मासाहून येणारा खजूर, उंटाचं मांस आणि दक्षिणेकडून येणारं धान्य यावर ते जगायचे. काफिले थांबले की उपासमार. तिथून निघालेलं एक ओझं मीठ वलाताला आठ-दहा मिस्कालला जायचं आणि मालीच्या राजधानीत वीस-तीसला, कधी चाळीसला. वीस वर्षं मी मुलांना मिठाची मशीद दाखवली होती. त्या लाद्या कुणी कापल्या ते सांगितलं नव्हतं.

या वर्षी दौलताबादला मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. आठवीची एक मुलगी, जी वर्गात फारशी बोलत नाही, तिनं विचारलं, “मॅडम, मग त्या मुलींचं पुढे काय झालं?” मी म्हटलं, पुस्तकात नाही. ती म्हणाली, “त्यानं विचारलं पण नाही?”

परतीच्या बसमध्ये माझे एक सहकारी माझ्याशेजारी येऊन बसले. माणूस चांगला, माझ्याहून ज्येष्ठ. हळू आवाजात म्हणाले, “बाजी, बाहेर आधीच आपल्या नावानं काय काय चाललंय. एक इब्न बतूता होता मुलांना छाती फुगवून सांगायला, तोही तुम्ही काढून घेतला.”

मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं भय खरं आहे, मलाही ते आहे. आमची मुलं मोबाइलवर रोज काय वाचतात ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तर मी इतकी वर्षं ती पानं उलटून पुढे जात होते. पण आपण मुलांपासून झाकलेलं पान कुणीतरी दुसरा त्यांना दाखवतोच, आणि तो ते प्रेमानं दाखवत नाही. त्या दिवशी मूल आपल्या शिक्षकाकडे बघून म्हणतं, तुम्हाला माहीत होतं? या प्रश्नाचं उत्तर मला ‘हो, पण’ असं द्यायचं नाही.

गुलामगिरी तेव्हा सगळीकडे होती, रोमपासून चीनपर्यंत, हे खरंच आहे आणि वर्गात ते सांगायलाच हवं. पण ते सांगून थांबणं मला जमत नाही, कारण आपल्या घरातलं माप वेगळं आहे. इब्न बतूता सिजिल्मासाहून फेसला परतला तो १३५३ च्या डिसेंबर अखेरच्या कडाक्याच्या थंडीत. बुखारा, समरकंद, खुरासान इथले बर्फातले रस्ते पाहिलेला हा माणूस लिहितो की, उम्म जुनैबाच्या वाटेहून अवघड वाट मी पाहिली नाही. हे वाचताना मला सूरह अल-बलद आठवली. तिथंही डोंगरातल्या अवघड चढणीचा शब्द आहे, ‘अकबा’. आणि ही चढण म्हणजे काय, हे तिथंच उलगडून सांगितलंय. त्यात पहिलीच गोष्ट येते ती गुलामाची मान सोडवण्याची. हाफिज-काजी असलेल्या इब्न बतूताला ही सूरह तोंडपाठ असणार. बर्फातली चढण तो चढला. ही दुसरी चढण त्याच्याच काफिल्यात, त्याच्या शेजारून चालत होती.

ही चढण चढणारेही आपल्यातच होते, आणि त्यांचं नाव माझ्या वहीत फेसच्या पानावर आहे. सुलतान मौलाय इस्माईलनं सतराव्या शतकाच्या शेवटी काळ्या वर्णाच्या लोकांना, मोकळ्या असलेल्या मुसलमानांनासुद्धा, पकडून गुलाम सैनिक करायला सुरुवात केली. ते गुलामच आहेत, अशा नोंदवहीवर उलेमांनी सह्या कराव्यात असा हुकूम होता. फेसचे फकीह अब्दुस्सलाम जस्सूस यांनी सही केली नाही. मोकळ्या माणसाला गुलाम ठरवता येत नाही, असं ते म्हणत राहिले. १७०९ मध्ये त्यांना मारण्यात आलं. माझ्या त्या सहकाऱ्यांना मी हेच सांगितलं : छाती फुगवायला मुलांना एक नाव हवं असेल, तर हे घ्या.

आता वही बदलली आहे. पहिल्या यादीत मेरझुगाला दोन रात्री होत्या, तंबू, उंटावरून सूर्यास्त, फोटो. त्यातली एक रात्र कमी केली. त्याऐवजी रिसानीला अर्धा दिवस सिजिल्मासाच्या पडक्या भिंतींसाठी ठेवला, आणि एर्फूदच्या रस्त्यावर ‘खत्तारा’ बघायला थांबा. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं शेतापर्यंत आणायची ही जुनी पद्धत. वरून नुसत्या विहिरींच्या तोंडांची, मातीच्या ढिगाऱ्यांची रांग दिसते. आमच्या शहराला हे ओळखू येईल. मलिक अंबरनं वसवलेल्या खडकीला नहर-ए-अंबरीचं पाणी असंच जमिनीखालून, उतारानं आलं. आणि मलिक अंबर कोण? इथिओपियातला एक मुलगा, जो बाजारात विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला पोचला. तो मोकळा झाला, निजामशाहीचा वजीर झाला, म्हणून त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. ओअॅसिसमधल्या खत्तारा खणणारे, गाळ काढणारे बहुतेक ‘हरातीन’ म्हणून ओळखले जाणारे काळे मजूर होते. त्यांची नावं कुठल्या कमानीवर नाहीत.

मेरझुगापासून थोड्याच अंतरावर खमलिया गाव आहे. दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज तिथं राहतात आणि ग्नावा संगीत वाजवतात. २०१९ मध्ये युनेस्कोनं या संगीताला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. माहितीपत्रकात खमलियाला पाऊण तास दिलाय : ‘लोकसंगीत व चहा’. मी तिथं आख्खी दुपार लिहिली आहे. ते वाजवतील, आम्ही ऐकू. जमलं तर माझ्या पुस्तकी अरबीत दोन शब्द बोलेन.

पुढे वर्झाझात, ऐत बिनहद्दू, मग तिझी न’तिश्काची खिंड ओलांडून मराकेश. या वाटेच्या दक्षिणेला झागोरा गावात एक प्रसिद्ध पाटी आहे, उंटांचं चित्र आणि खाली लिहिलेलं : टिंबक्टू ५२ दिवस. पर्यटक तिच्याखाली फोटो काढतात. आम्ही तिकडे जाणार नाही, वेळ नाही. पण मुलीनं हिशेब केला : सत्तर रात्री म्हणजे त्याहून अठरा जास्त.

त्या आठवीतल्या मुलीनं मला एक काम दिलंय. तिला वाळवंटातली वाळू हवी आहे, छोट्या बाटलीत. वाळूच का, असं विचारलं तर म्हणाली, “दौलताबादला गोष्ट सांगताना हातात धरायला.” वहीच्या शेवटच्या पानावर, मोजे आणि औषधांच्या खाली, मी लिहून ठेवलंय : रिकामी बाटली, एक.